अणुयुगातला रक्ताचा पहारेकरी : डॉ. वसंत रामजी खानोलकर

मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव स्थानकावरून गाडी धरून मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाकडे जाणारे रुग्ण बुलढाणा जिल्ह्याला नवे नाहीत. किरणोपचार सुरू झाले की अशा रुग्णाचे रक्त वरचेवर तपासले जाते. पांढऱ्या पेशी फार घटल्या तर उपचार काही काळ थांबवावे लागतात. त्या रुग्णालयातील प्रयोगशाळांची घडी बसविणारे आणि किरणोत्साराने माणसाचे काय होते, हा प्रश्न भारताच्या वतीने जगापुढे मांडणाऱ्यांपैकी एक असलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर आज मात्र वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला आठवत नाहीत.

गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात १३ एप्रिल १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी घेऊन ते मायदेशी परतले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि पुढे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्या दुःखातून उभे राहिलेले टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद खानोलकरांकडे आले.

सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीइतकेच रुग्णाच्या राहणीकडेही त्यांचे लक्ष असे. पेटलेले टोक तोंडात धरून ओढला जाणारा चुट्टा, ओठाआड ठेवलेली खैनी, इतकेच काय, कमरेला घट्ट आवळलेले धोतर यांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी १९४५ च्या सुमारास दाखवून दिला. धोतराचा काच कर्करोगाला कारण ठरू शकतो, हे तेव्हा अनेकांना विचित्रच वाटले असावे. कुष्ठरोग आणि रक्तगट यांवरील त्यांचे संशोधनही मोलाचे आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्याच सुमारास जग एका वेगळ्याच भीतीने ग्रासले होते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात घेतलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर पडली. काही महिन्यांतच त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर १९५५ मध्ये किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी १५ देशांची वैज्ञानिक समिती नेमली. भारताचा त्यात समावेश होता आणि खानोलकर तिचे सदस्य होते. अणुऊर्जा आयोगाच्या जैव-वैद्यकीय सल्लागार समितीचे अध्यक्षपदही १९५५ ते १९६० या काळात त्यांच्याकडेच होते. भारताला या प्रश्नात एक घरचे कारणही होते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूत थोरियम असते आणि तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या किरणोत्सारात राहत आली आहेत.

किरणोत्साराचा घाव रक्तावर लवकर उमटतो. अस्थिमज्जेतील पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्या किरणांना लवकर बळी पडतात. लिम्फोसाइट काही तासांतच घटू लागतात. इतर पांढऱ्या पेशी आणि बिंबिका पुढील काही आठवड्यांत तळ गाठतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने तिची घट उशिरा दिसते.

या पेशी औषधाने वाचविता येतील का, याचा शोध तेव्हा नुकताच सुरू झाला होता. किरण सोडण्यापूर्वी सिस्टीन हे साधे अमिनो आम्ल दिलेले उंदीर अधिक संख्येने जगतात, असे अमेरिकेत १९४९ मध्ये दिसून आले. त्याच वाटेने अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून अमिफॉस्टिन हे औषध आले. पण त्याने मळमळ होते, रक्तदाब उतरतो. धडधाकट माणसाला ते सहज द्यावे असे नव्हे.

खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे दहा वर्षे ते राष्ट्रीय प्राध्यापक राहिले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

उपयोगी उत्तर त्यांच्यानंतर आले, तेही जुन्या औषधांतून. केमोथेरपीच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठी १९९१ पासून वापरात असलेल्या फिलग्रास्टिमला अमेरिकेने २०१५ मध्ये तीव्र किरणोत्सारबाधेसाठीही मान्यता दिली. हे इंजेक्शन किरणांना अडवीत नाही. मज्जेत तग धरून राहिलेल्या पेशींकडून ते नव्या पेशी लवकर तयार करून घेते. त्यामुळे मज्जा पुरती जळाली असेल तर त्याचा उपयोग होत नाही.