डाखश्टाइनची लोखंडी वाट

ऑस्ट्रिया देशात साल्झकामरगुट नावाचा एक रमणीय प्रदेश आहे. उंच डोंगर, गर्द अरण्ये आणि डोंगरांच्या कुशीत विसावलेली निळी सरोवरे यांमुळे तो प्रसिद्ध आहे. याच प्रदेशात हालश्टाट हे चिमुकले गाव वसले आहे. समोर सरोवर आणि पाठीशी उभा डोंगर, अशा चिंचोळ्या जागेत गावाची घरे एकावर एक रचून ठेवल्यासारखी दिसतात. डोंगराच्या पोटात मिठाच्या खाणी आहेत. हजारो वर्षांपासून माणसे तेथे मीठ काढीत आली आहेत. गावाच्या दक्षिणेस डाखश्टाइन हा चुनखडकाचा प्रचंड पर्वत पसरलेला असून त्याचे सर्वोच्च शिखर २,९९५ मीटर उंच आहे. शिखराच्या उत्तर अंगाला हिमनद्या आहेत आणि त्यांच्या बर्फातून शिखराचा खडक भिंतीसारखा एकदम वर उठतो.

इ. स. १८४० मध्ये या प्रदेशात एक तरुण अभ्यासक आला. त्याचे नाव फ्रीडरिख सिमोनी. त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८१३ रोजी बोहेमियातील एका लहान गावी झाला होता. घरची स्थिती गरिबीची असल्यामुळे त्याचे शिक्षण लवकरच खुंटले आणि कोवळ्या वयातच त्याला औषधांच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. औषधे कुटावी, मोजावी, बाटल्यांत भरावी, हा त्याचा दिनक्रम झाला. परंतु ज्या वनस्पतींपासून ती औषधे होतात त्या रानात कशा उगवतात, याचे कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. पुढे तो व्हिएन्ना येथे गेला. औषधशास्त्राचे शिक्षण घेता घेता त्याचे मन निसर्गविज्ञानाकडे ओढले गेले, आणि दुकानाचा आश्रय सोडून त्याने तोच मार्ग धरला. त्या काळी असल्या विद्येवर पोट भरण्याची शाश्वती नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या निश्चयाचे मोल कळते.

डाखश्टाइन पाहताच सिमोनीला जणू आपल्या आयुष्याचे काम सापडले. या पर्वताचे खडक कसे बनले, त्यावरील बर्फ कसे सरकते, त्याच्या पायथ्याची सरोवरे किती खोल आहेत, असे शेकडो प्रश्न त्याच्या मनात उभे राहिले. पुस्तकांत त्यांची उत्तरे नव्हती. ती पर्वतावर जाऊनच शोधावी लागणार होती. खांद्यावर पिशवी, हाती लोखंडी टोकाची काठी आणि जवळ चित्रे काढण्याची वही घेऊन तो दिवसचे दिवस डोंगरात हिंडू लागला.

सर्वोच्च शिखरावर त्यापूर्वी माणसाचे पाऊल पडले नव्हते असे नाही. पीटर गापमायर हा डोंगराळ मुलखातला माणूस १८३२ मध्येच तेथे पोहोचला होता. परंतु शिखराची वाट अवघड ती अवघडच राहिली होती. हिमनदीचे बर्फ जेथे संपते आणि खडक सुरू होतो तेथे दोहोंमध्ये एक खोल भेग असते. ऊन वाढले की भेग रुंदावते. ती ओलांडून पलीकडच्या खडकाला हात घालायचा, तर धरायला जागा थोडी आणि खाली अंधारी पोकळी. एकदा खडकावर गेले तरी पुढचा चढही तितकाच उभा. सिमोनी १८४२ च्या सप्टेंबर महिन्यात वाटाड्यासह शिखरावर पोहोचला. तेथून दिसलेल्या देखाव्याने त्याचे देहभान हरपले. परंतु पाय लटपटविणारा तो कडाही त्याच्या स्मरणातून गेला नाही.

एखाद्या साहसी पुरुषाचे समाधान एवढ्यावर झाले असते. शिखर जिंकले, नाव झाले, आता दुसरे शिखर पाहावे, असे त्याने म्हटले असते. सिमोनीचा विचार निराळा होता. त्याला शिखरावर पुन्हा पुन्हा जायचे होते, तेथे निरीक्षणे करायची होती आणि इतर अभ्यासकांनाही तेथे येता यावे असे त्याला वाटत होते. प्रत्येक वेळी जिवावर उदार होऊन चढावे लागले तर अभ्यास व्हावा कसा?

म्हणून १८४३ मध्ये त्याने एक अपूर्व काम हाती घेतले. हिमनदीवरून लोखंडी सामान वाहून नेण्यात आले. खडकात लोखंडी खुंट्या बसविण्यात आल्या. हातांनी धरण्यासाठी आकडे ठोकण्यात आले. जेथे पाय ठरत नव्हता तेथे छिन्नीने खोबण्या कोरण्यात आल्या आणि कड्यावरून एक लांबलचक जाड दोर सोडण्यात आला. आल्प्स पर्वतातील लोखंडी वाटांची सुरुवात या वाटेपासून झाली असे मानतात. अशा वाटांना आज जगभर ‘व्हिया फेर्राता’ हे इटालियन नाव रूढ झाले आहे. त्याचा अर्थच लोखंडी वाट असा आहे. पहिल्या महायुद्धात डोलोमाइट पर्वतातील सैनिकांनी कड्यांवर शिड्या आणि दोर बसविले, त्यानंतर या वाटांचा प्रसार वाढला. आजचा आरोहक पोलादी तारेला दोन आखूड दोऱ्यांनी आपले शरीर अडकवून चढतो. खुंटी आली की एक आकडा सोडून पलीकडे लावायचा, मग दुसरा. म्हणजे एक तरी आकडा नेहमी तारेला राहतो. सिमोनीच्या काळी ही सोय नव्हती. दोर होता, पण तो मुठीनेच धरायचा. हात सुटला की सारे संपले.

डोंगराच्या अंगात खिळे ठोकणे हा त्याचा अपमान होय, असे म्हणणारे गिर्यारोहक आजही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मात्र सिमोनी स्पर्धेसाठी चढत नव्हता. विहिरीला पायऱ्या बांधणाऱ्याची जी दृष्टी, तीच त्याची होती.

त्याच वर्षी हिमनदीच्या वाटेवर एका कपारीला दगड रचून त्याने छोटासा निवारा तयार करविला. दोन-चार माणसे कशीबशी पाठ टेकतील एवढीच ती जागा. पण लोकांनी थट्टेने तिचे नाव ठेवले ‘हॉटेल सिमोनी’! आणि सप्टेंबरात त्याने खुद्द शिखरावर एक रात्र काढली. सूर्यास्त, नक्षत्रांनी भरलेले आकाश आणि सूर्योदय ही तिन्ही त्याला त्या उंचीवरूनच पाहायची होती. वर छप्पर नाही, चहूकडे बर्फ आणि बोचरा वारा, अशा स्थितीत ती रात्र त्याला किती दीर्घ वाटली असेल! तरीही पुढे १४ जानेवारी १८४७ रोजी, ऐन हिवाळ्यात, तो पुन्हा शिखरावर जाऊन आला. हिवाळ्यात तेथे पोहोचणारा तो पहिलाच.

पर्वताइतकेच त्याचे लक्ष सरोवरांकडे होते. नावेत बसून तो वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडी आणि ठिकठिकाणची खोली टिपून घेई. काम कंटाळवाणे, पण त्याचे हात थकत नसत. त्याने घेतलेली ही मापे पुढे १८९५ च्या सुमारास निघालेल्या ऑस्ट्रियाच्या सरोवरांच्या नकाशासंग्रहात उपयोगी पडली.

हालश्टाटमध्येच १८४५ साली प्रसिद्ध लेखक आडाल्बर्ट श्टिफ्टर याच्याशी त्याचा स्नेह जुळला. एके दिवशी दोघे फिरावयास गेले असता त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी भेटली. ती रानातील स्ट्रॉबेरीची फळे विकावयास निघाली होती. वाटेत वादळ झाले तेव्हा ती एका खडकाखाली लपून बसली होती. श्टिफ्टरने त्यांची फळे विकत घेतली आणि प्रेमाने त्यांची हकीकत विचारली. नंतर सिमोनीने त्याला हिमनदीच्या पोटातील निळ्या बर्फाच्या गुहेचे चित्र दाखविले. त्या दोन मुलांना या गुहेत नेऊन ठेवले तर, अशी कल्पना लेखकाच्या मनात चमकली आणि नाताळच्या रात्री बर्फात वाट चुकलेल्या भावंडांची एक अजरामर कथा जन्माला आली. श्टिफ्टरच्या एका कादंबरीचा नायकही पुष्कळसा सिमोनीच्या वळणावर गेला आहे असे म्हणतात.

१८५१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात सिमोनीची भूगोलाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ऑस्ट्रियातील हे भूगोलाचे पहिलेच अध्यासन. औषधांच्या दुकानातला उमेदवार आता विद्यापीठाच्या व्यासपीठावर उभा राहिला! चौतीस वर्षे, १८८५ पर्यंत, त्याने तेथे अध्यापन केले. शब्दांपेक्षा चित्रावर त्याचा भरवसा अधिक होता. खडकाचा थर न् थर, बर्फाची भेग न् भेग जशीच्या तशी उतरविणारी मोठमोठी चित्रे तो स्वतः काढी. साठीच्या सुमारास त्याने छायाचित्रणही शिकून घेतले, आणि अवजड यंत्र व काचपट्ट्या घेऊन तो पुन्हा आपल्या डाखश्टाइनवर गेला.

या चित्रांचे खरे महत्त्व फार पुढे कळले. सिमोनीने हिमनदी प्रथम पाहिली तेव्हा ती वाढत होती. शतकाच्या मध्याला तिचा विस्तार सर्वांत मोठा झाला आणि नंतर ती आक्रसू लागली. हा बदल वर्षानुवर्षे तो कागदावर उतरवीत राहिला. तरुणपणी ज्या ठिकाणी बर्फाचा डोंगर पाहिला तेथे म्हातारपणी उघडे दगड पाहताना त्याला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. डाखश्टाइनवरील त्याचा मोठा सचित्र ग्रंथ १८८९ ते १८९५ या काळात प्रसिद्ध झाला. तो पूर्ण झाला तेव्हा लेखकाचे वय ऐंशीच्या पुढे होते. पुढच्याच वर्षी, २० जुलै १८९६ रोजी, सांक्ट गालेन या गावी त्याचे देहावसान झाले.

१८७७ मध्ये, म्हणजे त्याच्या हयातीतच, डाखश्टाइनवर २,२०३ मीटर उंचीवर गिर्यारोहकांसाठी एक विश्रामगृह उघडण्यात आले. त्याला सिमोनीचे नाव दिलेले आहे. दगडी कपारीतले जुने ‘हॉटेल’ही जवळच आहे. विश्रामगृहातून निघालेल्या आरोहकाला बर्फ गाठण्यासाठी आता पुष्कळ वर चढून जावे लागते. आणि हिमनदी किती मागे हटली हे मोजणारे शास्त्रज्ञ आजही सिमोनीची चित्रे आणि छायाचित्रे समोर ठेवतात.