अर्धवट खोप्याचा प्रश्न : डॉ. सलीम अली यांचे जीवन



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या संगमेश्वर तालुक्यात जुलै महिन्यात पाऊस कसा असतो ते सांगायला नको. रात्रभर वारा झाला आणि सकाळी सातवीतला एक मुलगा सुगरण पक्ष्याचे दोन पडलेले खोपे घेऊन वर्गात आला. एक पूर्ण, लांब नळीचा. दुसरा अर्धाच, उलट्या टोपीसारखा. हा अर्धवट का सोडला, असा त्याचा प्रश्न. हा मुलगा चाचणीत कायम मागे. माझा पाठ पूर्ण व्हायचा होता, म्हणून मी त्याला खाली बसायला सांगणार होतो. तेवढ्यात मला एका माणसाची आठवण झाली आणि मी थांबलो.

प्राण्यांसाठी आयुष्य वेचणारा माणूस म्हटलं की आमच्या मुलांना टीव्हीवर मगरी पकडणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह आयर्विन आठवतो. पण ज्याने याच अर्धवट खोप्याचं कोडं सोडवलं, तो माणूस आपल्या मुंबईचा आणि ते कोडं सुटलं आपल्याच कोकणात. त्यांचं नाव डॉ. सलीम अली.

बालपण

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी या सगळ्या पोरक्या मुलांना वाढवलं.

मामांना शिकारीची आवड होती. भाच्यालाही छऱ्याची छोटी बंदूक मिळाली होती. सलीम दहा-बारा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. मग ही कोण, असं त्याने मामांना विचारलं.

पालकांनो, इथे जरा थांबूया. मामांना उत्तर माहीत नव्हतं. ते मुलावर खेकसले नाहीत, काहीतरी ठोकूनही दिलं नाही. ते स्वतः बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि मुलाला तिकडे पाठवलं. इंग्रज साहेबापुढे जायचं म्हणून पोरगा घाबरलेला. पण मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचं सांगितलं, कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. एका चिमणीमुळे एका आयुष्याला दिशा मिळाली. पुढे 1985 मध्ये आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ही चिमणीच ठेवली.

शाळा, कॉलेज आणि नोकरी

शाळेत मात्र सलीम काही चमकला नाही. डोकेदुखीचा त्रास होता, शाळा वारंवार बुडायची. 1913 मध्ये मॅट्रिक कसाबसा पास झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिलंच वर्ष जड गेलं. कॉलेज सोडून तो ब्रह्मदेशात, तवॉयला, घरच्यांच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेला. लक्ष धंद्यापेक्षा जंगलातल्या पाखरांकडेच जास्त! 1917 मध्ये परत आल्यावर व्यापाराचं शिक्षण सुरू केलं. झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्याचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राकडे वळवलं. 1918 मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये माहिती देणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. 1930 मध्ये परत येतात तो काय, पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! परदेशातून शिकून आलेला, तिशी ओलांडलेला, लग्न झालेला माणूस बेकार.

किहीमचे खोपे

मुंबईत राहणं परवडेना, म्हणून दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हातात काम नव्हतं, पण वेळ भरपूर होता. सलीम अली तासन्‌तास खोप्यांकडे बघत बसत आणि रोज टिपून ठेवत.

त्यांना जे दिसलं ते असं. खोपा विणतो तो नर. भाताच्या किंवा गवताच्या पातीच्या चिरफाळ्या काढून तो अर्धा खोपा तयार करतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून खोपा तपासतात. एखादीला पसंत पडला तरच नर अंड्यांची जागा आणि खालची नळी विणून तो पुरा करतो. मादी अंडी घालून आत बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! ज्याला कोणी पसंत करत नाही तो खोपा तसाच अर्धा राहतो.

आपण बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची कविता शिकवतो. त्यात खोपा आई बांधते. कवितेतली आईची माया खरीच आहे, ती तशीच शिकवावी. पण विज्ञानाच्या तासाला किहीमची ही गोष्टही सांगावी. हा अभ्यास 1931 मध्ये प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचं नाव झालं. बेकारीच्या दिवसांतलं हे काम!

पुढचे आयुष्य

त्यानंतर हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, भोपाळ अशा संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. रानोमाळच्या मुक्कामात तेहमिना सोबत असत. 1939 मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचं निधन झालं. हा घाव मोठा होता. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. ते हातात धरून अनेक सामान्य माणसं पक्षी ओळखायला शिकली. आकाशवाणीवरूनही ते सोप्या भाषेत पक्ष्यांविषयी बोलत. डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ 1974 मध्ये पुरा झाला, तेव्हा ते 78 वर्षांचे होते.

मुलांना आवडेल अशी एक गोष्ट : त्यांना मोटारसायकलचं भारी वेड. 1950 मध्ये स्वीडनला पक्षितज्ज्ञांची परिषद होती, तर हे गृहस्थ युरोपात आपली मोटारसायकल सोबत घेऊन गेले!

भरतपूरचं पक्षी अभयारण्य आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मात्र त्यांचा प्रत्येक अंदाज बरोबर ठरला असं नाही. भरतपूरला गुरं चरणं बंद व्हावं असं त्यांचं मत होतं. 1982 मध्ये तशी बंदी आली. गावकऱ्यांचा रोष ओढवला. पुढे त्यांच्याच संस्थेच्या अभ्यासात दिसलं की म्हशी नसल्यामुळे गवत माजून पाणथळ जागा बुजत चालली आणि पक्ष्यांचं नुकसानच झालं. हेही मुलांना सांगायला हवं. मोठ्या माणसाचं मतसुद्धा निरीक्षणानेच तपासायचं असतं.

1958 मध्ये पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण. पदवी नसलेल्या या माणसाला अलीगढ आणि दिल्लीसारख्या विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्ग संवर्धनासाठी देऊन टाकली. 1985 मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. 1987 मध्ये, वयाच्या नव्वदीत, ते गेले.

आपण काय घ्यायचं?

गुण कमी पडले तरी चालतात, असा याचा अर्थ नाही. पदवी नसल्याची किंमत त्यांनी मोजली आणि शिकायला थेट बर्लिन गाठलं. पण त्या आधी कोणीतरी त्यांचा प्रश्न ऐकून घेतला होता. मामा, मिलार्ड, फादर ब्लॅटर. यांतला एकजण जरी घाईत असता तर?

त्या दिवशी माझा पाठ अपुरा राहिला. मी मुलाला सरळ उत्तर दिलं नाही. शाळेमागच्या विहिरीवर झुकलेल्या झाडाला अजून खोपे होते. विहिरीपासून लांब उभं राहून रोज दहा मिनिटं बघ आणि वहीत लिही, एवढंच सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याने वही आणून दाखवली. शुद्धलेखनाच्या चुका खूप, पण विणणारा नर पिवळ्या डोक्याचा असतो हे त्याचं त्याने शोधलं होतं. ती वही मी वर्गात वाचून दाखवली.

आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी सुरू होतो, सलीम अलींच्या जन्मदिनी संपतो. त्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एक वही द्या. धनेश दिसला तर उत्तमच, नाहीतर अंगणातली चिमणी आहेच. मुलाने विचारलेलं आपल्याला येत नसेल, तर तसं सांगा आणि त्याच्यासोबत शोधायला निघा.