बियाण्याचे कणीस बाजूला ठेवणारा माणूस



डिसेंबर आला की कासार आंबोलीच्या आसपासच्या वस्त्यांवर फिरताना एक गोष्ट हमखास दिसते. भाताची झोडणी झालेली असते, पेंढा रचून ठेवलेला असतो, खाचरात उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल टाकलेला असतो. आणि पडवीत आढ्याला मक्याची चार-सहा कणसे सालींनी एकमेकांना बांधून टांगलेली असतात. शेजारी वेलावरच जून होऊ दिलेला एखादा दुधी वाळत असतो. शहरातून आलेल्या पाहुण्याला वाटते, शोभेसाठी ठेवले असेल. घरच्या आजीला विचारा. ती सांगेल, ते बियाणे आहे, त्याला हात लावायचा नाही.

याच टांगलेल्या कणसांवरून आज मला तुम्हांला एका मराठी माणसाची ओळख करून द्यायची आहे. त्यांनी अर्धे आयुष्य बंदुकीच्या नादात घालवले आणि उरलेले अर्धे बियाण्यात. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. आगमनकाळात आपण यशया संदेष्ट्याचे वाचन ऐकतो, तलवारी मोडून त्यांचे फाळ होतील असे स्वप्न त्यात आहे. खानखोजे ख्रिस्ती नव्हते. तरीही ते वाचन ऐकताना मला दरवर्षी त्यांची आठवण येते.

त्यांचा जन्म १८८४ साली विदर्भात वर्धा येथे झाला. १८५७ च्या लढ्याच्या गोष्टी त्यांनी घरातच, आजोबांकडून ऐकल्या. लोकमान्य टिळकांचा त्या काळच्या मुलांवर जो प्रभाव होता, तो त्यांच्यावरही होता. पांडुरंग बारा ते पंधरा वर्षांचा असताना मध्य भारतात दोन मोठे दुष्काळ पडले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. दुष्काळात माणूस आधी जनावर विकतो, मग भांडी विकतो, आणि अगदी शेवटी पुढच्या वर्षासाठी ठेवलेले बियाणे शिजवून खातो. ज्या घरात बियाणे शिजले, त्या घरी पाऊस चांगला पडूनही पुढच्या वर्षी पेरायला काही नसते. ज्या मुलाने असे दिवस पाहिले, त्याच्या मनात इंग्रजी राज्याविषयीचा राग आणि शेतीविषयीची कळकळ या दोन्ही गोष्टी एकत्र वाढाव्यात, यात नवल नाही.

विशी ओलांडताच ते देश सोडून जपानमार्गे अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेच्या वायव्येकडील कॉलेजांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला. एका हाताला बंदूक आणि दुसऱ्या हाताला नांगर, अशी ही तयारी होती. १९१३ साली अमेरिकेतल्या भारतीयांनी गदर पक्ष स्थापन केला, त्याच्या पहिल्या फळीतल्या लोकांत खानखोजे होते. पंजाबी शेतकरी, मजूर आणि विद्यार्थी यांना लष्करी कवायत शिकवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इराणात गेले. तिकडून सैन्य उभारून भारताच्या सीमेपर्यंत यायचे, असा बेत होता. तो फसला. ते जखमी झाले, इंग्रजांच्या हाती सापडले आणि निसटले. युद्धानंतर ते बर्लिनला राहिले, १९२१ साली मॉस्कोलाही जाऊन आले. त्याच वर्षी आपल्या मुळशीत सेनापती बापट आणि येथले मावळे शेतकरी धरणाखाली जाणाऱ्या भाताच्या खाचरांसाठी सत्याग्रह करीत होते. बापटही तरुणपणी परदेशी जाऊन बॉम्ब बनवण्याची विद्या शिकून आले होते. दोघांच्याही वाटा शेवटी शेतकऱ्याच्या बांधापाशी आल्या. फरक इतकाच की बापट मायदेशी होते आणि खानखोजे यांना मायदेशाचे दार बंद होते. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९२४ साली, ते मेक्सिकोत पोहोचले. हातात पैसा नाही, बोलायला तिथली भाषा नाही, आणि ज्या कामासाठी घर सोडले ते काम फसलेले. या वयात अशा ठिकाणी उभा असलेला माणूस कडवट होऊ शकतो. आपल्या धर्मग्रामातही चाळिशी-पंचेचाळिशीला आलेले काही बंधू मला येऊन सांगतात, फादर, आता काय उरले? मीही त्याच वयाचा आहे, म्हणून त्यांचे म्हणणे मला कळते. खानखोजे यांनी स्पॅनिश भाषा शिकून घेतली आणि तरुणपणी घेतलेले शेतीचे शिक्षण बाहेर काढले. मेक्सिको शहराजवळ चापिंगो येथे राष्ट्रीय शेतकी विद्यालय होते. तेथे ते शिकवू लागले आणि मक्याच्या बियाण्यावर काम करू लागले.

मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी आहे. आपल्याकडे मका, मिरची, टोमॅटो, पेरू हे सगळे त्या बाजूच्या खंडातून युरोपियन लोकांमार्फत आले. भात हा आपल्या मावळाचा जीव, तसा मका तिकडच्या माणसाचा. पण शतकानुशतके जमीनदारांच्या हाताखाली राबलेल्या तिकडच्या गरीब शेतकऱ्याच्या शेतात मका फार थोडा पिकत असे. १९१० साली सुरू झालेल्या क्रांतीनंतर त्यांच्यात जमीन वाटली जाऊ लागली होती. जमीन तर मिळाली, आता चांगले बियाणे हवे होते.

येथे थोडे मक्याविषयी सांगतो, कारण त्याशिवाय खानखोजे यांच्या कामाची किंमत कळणार नाही. मक्याच्या शेंड्यावर तुरा येतो, तो नर. खाली कणीस धरते, ते मादी. कणसातून जे रेशमी केस बाहेर येतात, त्यांतला प्रत्येक केस आतल्या एकेका दाण्याला जोडलेला असतो. वाऱ्याने आलेला परागकण त्या केसावर पडला, तरच तो दाणा भरतो. म्हणजे एकाच कणसातल्या शेजारच्या दोन दाण्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात. भाताचे तसे नाही. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून आंबेमोहोराच्या निवडक लोंब्या ठेवल्या तर पुढच्या वर्षी आंबेमोहोरच उगवतो. मक्यात शेजारच्या शेतातला मका नकळत मिसळतो.

म्हणून मका सुधारणाऱ्याला उभ्या पिकात हिंडून ताटे निवडावी लागतात, काही कणसांना पिशव्या बांधून परका पराग टाळावा लागतो, हव्या त्या तुऱ्याचा पराग हव्या त्या कणसावर हाताने झटकावा लागतो. त्या उंच पठारावर हिवाळ्याच्या तोंडाशी कापणी होते. मग वाळलेली कणसे एकेक करून पाहायची, थोडी निवडायची, बाकीची खाण्यासाठी सोडायची आणि पुन्हा पावसाची वाट पाहायची. एका वर्षात एकच पाऊल पुढे पडते. खानखोजे यांनी अशी वर्षांमागून वर्षे घालवली. मक्याचे तेओसिंते नावाचे एक जंगली भाऊबंद आहे, त्याच्याशीही त्यांनी मक्याचा संकर केला. गहू आणि कडधान्ये यांवरही त्यांनी काम केले. थंडीच्या कडाक्याला आणि पावसाच्या ताणाला टिकणारे वाण मिळावेत, हा त्यामागचा ध्यास होता. १९३० साली त्यांनी मक्याच्या नव्या वाणांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली.

हे सारे विद्यालयाच्या आवारातच ठेवले असते तर ते प्राध्यापक म्हणून सुखाने जगले असते. त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालू केल्या. अक्षर न येणारा माणूसही चांगले कणीस ओळखायला शिकू शकतो, यावर त्यांचा विश्वास होता. मेक्सिकोचे थोर चित्रकार दिएगो रिवेरा या कामात त्यांचे मित्र होते. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरा यांनी एक चित्र रंगवले आहे. एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे बसली आहेत आणि त्यांच्यात खानखोजे आहेत. चित्राचे नाव आहे, आमची रोजची भाकर. रिवेरा चर्चचे मित्र नव्हते, उलट टीकाकारच होते. पण आपण रोज प्रभूच्या प्रार्थनेत जे मागतो, तेच नाव त्यांना सुचले आणि त्या मेजावर त्यांनी वर्ध्याच्या माणसाला बसवले.

१९३६ साली खानखोजे यांनी जीन सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या. भारत स्वतंत्र झाला तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. १९४९ साली मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले, तेव्हा काळ्या यादीतले जुने नाव अजून पुसलेले नव्हते आणि त्यांना प्रवेशाची परवानगी मिळवतानाही अडचण आली. ज्या देशासाठी घर सोडले, त्याच्या दारात चाळीस वर्षांनी असे थांबावे लागले. पुढे १९५५ च्या सुमारास ते कायमचे नागपूरला येऊन राहिले. येथे त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या तारखेपाशी मी नेहमी थांबतो. १९६६ साली भारत सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले होते आणि त्या हिवाळ्यात ते उत्तरेकडच्या शेतांत पेरले गेले होते. खानखोजे यांनी डोळे मिटले तेव्हा मेक्सिकोचा तो गहू आपल्या मातीत हिरवा उभा होता. हरितक्रांतीची ती सुरुवात होती. ते वाण खानखोजे यांचे नव्हते. १९४४ साली मेक्सिकोत आलेल्या डॉ. नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे होते. तसे खोटे श्रेय द्यायची गरज नाही. पण चांगल्या बियाण्याने गरिबाचे ताट भरते, हे त्याच देशात त्याआधी वीस वर्षे जी थोडी माणसे घसा कोरडा करून सांगत होती, त्यांत आपला एक मराठी माणूस होता. त्याची दखल उशिरा का होईना घेतली गेली. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना शक्यता आणि साक्षात् अस्तित्व यांतला फरक आम्हांला बीज आणि झाड यांच्या उदाहरणाने समजावला जाई. त्या वयात ते परीक्षेपुरते पाठ केले. आज वाटते, त्या धड्यातली एक बाजू फळ्यावर आली नव्हती. बीज आपोआप झाड होत नाही. ते न खाता कोणीतरी ठेवावे लागते. आणि ठेवायचे तेही सर्वांत चांगले. किडके कणीस बियाण्याला आणि भरलेले कणीस बाजारात, असे करणाऱ्याचे शेत चार वर्षांत उतरते. मुलांच्या बाबतीत, वेळेच्या बाबतीत, देवाला द्यायच्या गोष्टींच्या बाबतीत आपण नेमके काय करतो, हे ज्याने त्याने आपल्याशी पाहावे.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्यापैकी पुष्कळांच्या जमिनी गेल्या, तरी परसबाग अनेकांकडे आहे. दुकानातून आणलेल्या पाकिटावर हायब्रीड लिहिलेले असेल, तर त्याच्या पिकाचे बी ठेवू नका, पुढच्या पिढीत ते एकसारखे येत नाही. गावठी वाल, घेवडा, भात यांचे बी जरूर ठेवा. निवड उभ्या पिकातच करा, बांधाकडेचे झाड न घेता मधले निरोगी झाड घ्या. मक्याचे बी एकाच कणसाचे ठेवू नका, जितक्या जास्त ताटांचे तितके बरे, नाहीतर वाण दुबळा होतो. हिवाळ्यातली कोरडी हवा बी वाळवायला उत्तम. पूर्ण वाळल्यावर राख किंवा कडुनिंबाचा सुका पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पेरणीआधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ओले राखा. सोळा-सतरा उगवले तर बियाणे चांगले.

जानेवारीतल्या चौथ्या रविवारी, खानखोजे यांच्या स्मृतिदिनाच्या आसपास, मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या घरचे मूठभर गावठी बी कागदात बांधून आणावे. वर वाणाचे नाव लिहा आणि ते कोणाच्या घरून आले तेही लिहा. ज्येष्ठांनी नातवंडांना सोबत आणावे. ज्यांच्याकडे काही नसेल त्यांनी मोकळ्या हाताने यावे आणि घेऊन जावे. पुढच्या हिवाळ्यात त्यातले मूठभर परत आणले म्हणजे झाले.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू