लेबल काढलं आणि चव गेली!

भोरच्या बाजारात किंवा वेल्ह्याच्या वाटेवर इंद्रायणी तांदूळ घेताना तुम्ही आधी काय बघता? दाणा, वास, की पिशवीवरचं नाव? खरं सांगा! आपली जीभ बऱ्याचदा डोळ्यांचंच ऐकते. सव्वाशे वर्षांपूर्वी एका लेखकानं याची मस्त गंमत सांगितली होती, तीही सिगारच्या निमित्तानं. तो लेखक म्हणजे मार्क ट्वेन.

खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, अमेरिकेतल्या मिसुरीत. वयाच्या अकराव्या वर्षी वडील गेले. पुढे छापखान्यात खिळे जुळवले, मिसिसिपी नदीवर आगबोटी हाकल्या. टोपणनावही नदीनंच दिलं: बोटीला पुरेल इतकं, म्हणजे १२ फूट खोल पाणी. मग पत्रकारिता आणि १८७६ मध्ये 'टॉम सॉयर'.

ट्वेन स्वस्तातले सिगार ओढायचा आणि मित्र त्यांना नाकं मुरडायचे. त्यानंच एका लेखात लिहिलंय, की एकदा त्यानं श्रीमंत मित्राकडून ४० सेंटला एक असे भारी सिगार आणले. त्यांची लाल-सोनेरी लेबलं काढली आणि ते आपल्या स्वस्त ब्रँडच्या डब्यात ठेवले. जेवणानंतर १२ पाहुण्यांनी ते पेटवले, कसेबसे ओढले आणि काहीबाही सांगून पळ काढला. सकाळी सगळे सिगार दार ते फाटक या वाटेवर फेकलेले! एकच ताटात सापडला. तो होता त्या श्रीमंत मित्राचा. स्वतःचाच माल त्याला ओळखता आला नव्हता!

नावाला भुलणाऱ्यांना हसणारा हा माणूस स्वतःच्या नावाला मात्र जपायचा. छपाईयंत्रात पैसा बुडाला, प्रकाशनसंस्था कोसळली, १८९४ मध्ये दिवाळं निघालं. कायद्यानं सगळं देणं फेडायची सक्ती नव्हती. तरी साठीला टेकलेला ट्वेन व्याख्यानं देत जगभर फिरला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला, तेव्हा खोकल्यानं हैराण होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तो इंग्लंडमध्ये असताना, थोरली मुलगी सूझी तिकडे अमेरिकेत वारली. तरीही १८९८ पर्यंत त्यानं सगळं कर्ज फेडलं. २१ एप्रिल १९१० ला हृदयविकारानं तो गेला.

त्याच्या सिगारचं अनुकरण नको, प्रयोगाचं जरूर करा. दोन तांदूळ शिजवा, नावं झाकून मित्रांना वाढा आणि गुण द्यायला सांगा. आणि हो, एक प्रश्न स्वतःलाही विचारा: आपल्यावरचं लेबल काढलं, तर खाली काय उरेल?