सर्व्हरवर ‘परमिशन डिनाइड’ येतं तेव्हा कामाला येतो डेनिस रिची यांचा पन्नास वर्षांपूर्वीचा विचार

चाकण एमआयडीसीत रात्रपाळी सुरू आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना. माल ट्रकमध्ये भरून तयार आहे आणि सकाळी सहाच्या आत तो मोठ्या कंपनीच्या गेटवर पोचायला हवा. फक्त चलन छापायचं राहिलंय. आणि नेमकं आत्ताच डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर पान उघडत नाही. पांढऱ्या स्क्रीनवर एवढंच दिसतं : ४०३ फॉरबिडन.

सर्व्हर बघणाऱ्या मुलाला झोपेतून उठवलं जातं. तो निगडीतल्या आपल्या खोलीतून लॉगिन करतो आणि एक कमांड मारतो. त्या कमांडमध्ये आकडा असतो ७७७. पान उघडतं, चलन निघतं, ट्रक सुटतो.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण पिंपरी-चिंचवडपासून चाकण-तळेगावपर्यंत सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. त्या रात्री काम झालं हे खरं. पण त्याच क्षणी कारखान्याच्या त्या फोल्डरमध्ये कुणीही यावं, काहीही वाचावं, काहीही बदलावं अशी मोकळीक मिळाली.

ते तीन आकडे आले कुठून? त्यासाठी जावं लागतं अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, डेनिस रिची नावाच्या अबोल माणसाकडे.

वडील आणि मुलगा, दोघेही बेल लॅब्समध्ये

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. बालपण न्यू जर्सीतल्या समिट गावात गेलं. वडील अ‍ॅलिस्टर रिची टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. टेलिफोनचे कॉल जोडणारी सर्किट्स हा त्यांचा विषय.

डेनिस हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकले आणि १९६३ मध्ये पदवीधर झाले. पुढे तिथेच उपयोजित गणितात पीएचडीचं काम केलं. प्रबंध १९६८ मध्ये लिहून तयार होता, पण त्याची बांधीव प्रत त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमाच केली नाही. त्यामुळे पीएचडी त्यांना कधीच मिळाली नाही. ज्या माणसाच्या कामावर पुढे हजारो प्रबंध लिहिले गेले, त्याच्या स्वतःच्या नावामागे डॉक्टर लागलं नाही.

दरम्यान १९६७ मध्ये ते वडिलांच्याच बेल लॅब्समध्ये रुजू झाले होते.

एकच मशीन, वापरणारे अनेक

त्या काळात कॉम्प्युटर खोलीभर मोठा आणि प्रचंड महाग असे. प्रत्येकाला वेगळा देणं शक्यच नव्हतं. म्हणून एकाच मशीनला अनेक टर्मिनल जोडायची आणि सगळ्यांनी वेळ वाटून घ्यायची, अशी पद्धत आली.

मशीन वाटून घेतलं की पहिला प्रश्न उभा राहतो : कुणाची फाइल कुणी बघायची?

हा प्रश्न किती खरा होता ते एमआयटीत दिसलं. तिथल्या सीटीएसएस या सिस्टिमवर १९६० च्या दशकात एकदा दोन फाइलींची अदलाबदल झाली. लॉगिन करताना रोज एक सूचना दिसायची. त्या दिवशी सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. कुणी चोरी केली नव्हती. दोघं जण एकाच वेळी एकाच खात्यातून काम करत होते आणि त्यांच्या तात्पुरत्या फाइली एकमेकींत मिसळल्या, इतकंच.

पुढे एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी मिळून मल्टिक्स नावाची नवी सिस्टिम बांधायला घेतली. सुरक्षेचा विचार तिच्यात पहिल्यापासून होता. कुठल्या फाइलवर कुणाला काय करता येईल याच्या सविस्तर याद्या होत्या. पण काम लांबत गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने त्यातून अंग काढून घेतलं.

रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांच्या हातून ती सिस्टिम गेली. थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ नावाचं फारसं वापरात नसलेलं एक छोटं मशीन मिळवलं आणि त्यावर स्वतःचीच सिस्टिम लिहायला सुरुवात केली. रिची सोबत होते. त्या सिस्टिमचं नाव पुढे पडलं युनिक्स.

याद्या नकोत, खुणा पुरेत

मल्टिक्सच्या लांबलचक याद्या छोट्या मशीनला परवडणाऱ्या नव्हत्या. या दोघांनी मग साधा मार्ग काढला. प्रत्येक फाइलला एक मालक. फाइल कशी वापरायची याच्या तीनच गोष्टी : वाचणं, लिहिणं आणि प्रोग्रॅम म्हणून चालवणं. आणि विचारायचा प्रश्न एकच : समोरचा मालक आहे की इतर कुणी?

१९७४ मध्ये रिची आणि थॉम्प्सन यांनी युनिक्सवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात प्रत्येक फाइलसोबत अशा सात खुणा असल्याचं सांगितलं आहे. तीन मालकासाठी, तीन इतरांसाठी आणि एक खास. पुढे मालक आणि इतर यांच्यामध्ये गट हा तिसरा प्रकार आला आणि आज ओळखीची असलेली रचना तयार झाली.

ते तीन आकडे इथलेच. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. तिन्ही परवानग्या मिळून ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. म्हणजे ६४० याचा अर्थ मालक वाचेल आणि लिहील, गट फक्त वाचेल, इतरांना काहीच नाही. आणि ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. चाकणमध्ये संग्रामदुर्ग आजही उभा आहे. शिवकाळात अशा किल्ल्यांचा कारभार एका माणसाच्या हाती ठेवत नसत. दरवाजाच्या चाव्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनीसाकडे, धान्य आणि दारूगोळ्याचा साठा कारखानीसाकडे. एक जण फितूर झाला तरी सगळा किल्ला जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

सातव्या खुणेची गोष्ट

रिची यांचं खास स्वतःचं म्हणावं असं काम त्या सातव्या खुणेत आहे.

अडचण अशी होती. सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये आहेत. ती फाइल सामान्य माणसाला बदलता येऊ नये, हे उघड आहे. पण मग स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? त्यासाठी तर त्याच फाइलमध्ये लिहावं लागणार. खेळाच्या गुणांचंही तेच. गुण फाइलमध्ये लिहिले गेले पाहिजेत, पण खेळाडूने ती फाइल उघडून स्वतःचे गुण वाढवता कामा नयेत.

सोपा उपाय म्हणजे सगळ्यांना फाइल उघडी करून देणं. तो रिची यांनी घेतला नाही. त्यांनी प्रोग्रॅमवरच एक खूण ठेवली. ही खूण असलेला प्रोग्रॅम कुणीही चालवला, तरी तो चालतो प्रोग्रॅमच्या मालकाच्या अधिकाराने. माणसाला अधिकार मिळत नाही. त्या एका कामापुरता, त्या प्रोग्रॅमच्या हातून तो वापरला जातो आणि काम संपलं की संपतो. बँकेच्या तिजोरीत ग्राहक जात नाही, कॅशियर जातो. हे तसंच.

या कल्पनेला नाव मिळालं सेट-यूआयडी. १९७३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७९ मध्ये रिची यांच्या नावाने पेटंट मिळालंही. पुढे ते सगळ्यांच्या वापरासाठी खुलं करण्यात आलं. आज लिनक्सवर कुणी स्वतःचा पासवर्ड बदलतं, तेव्हा हीच खूण काम करते.

आपल्या सिस्टिमबद्दल रिची यांना भाबडा अभिमान नव्हता. युनिक्सच्या सुरक्षेवर त्यांनी एक छोटं टिपण लिहिलं. मुळात सुरक्षा डोळ्यासमोर ठेवून ही सिस्टिम बांधलेली नाही, त्यामुळे तिच्यात भोकं असणारच, हे त्यांनी त्यात सरळ मान्य केलं. ज्याला कुठलाच नियम लागू नाही असा सुपरयूजर, म्हणजे आजचा रूट, हाच कुठल्याही संरक्षणावरचा डाग आहे, हेही नोंदवलं.

टेलिफोन कंपनीतून जगभर

त्याच वर्षांत रिची यांनी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला आणि सिस्टिम एका मशीनला बांधलेली राहिली नाही. १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन यांच्यासोबत त्यांनी सी भाषेवर पुस्तक लिहिलं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये ते आजही के अँड आर या नावाने ओळखलं जातं.

सरकारशी झालेल्या १९५६ च्या तडजोडीमुळे बेल लॅब्सच्या मूळ कंपनीला, एटी अँड टीला, कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र किमतीत, मूळ कोडसकट मिळालं. पोरांनी ते वाचलं, मोडलं, सुधारलं. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स नव्याने लिहिलं, पण परवानग्यांची रचना तीच ठेवली. जगातले बहुतेक वेब सर्व्हर आज याच घराण्यातल्या सिस्टिमवर चालतात.

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्प्सन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रिची मात्र बेल लॅब्समध्येच राहिले आणि २००७ मध्ये तिथूनच निवृत्त झाले.

मग त्या रात्री चाकणमध्ये चुकलं काय?

रिची यांची रचना डोक्यात ठेवली की ४०३ चं कोडं बरंच सुटतं. एरर आली की पहिला प्रश्न विचारायचा : दार कोण ठोठावतंय?

वेब सर्व्हर स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालतो. उबंटूवर त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. संध्याकाळी कुणीतरी रूटने लॉगिन करून नव्या फाइली टाकल्या, तर त्यांचा मालक रूट होतो. वेब सर्व्हरचं खातं मग इतरांमध्ये मोजलं जातं, आणि इतरांना परवानगी नसेल तर तो आत येऊ शकत नाही.

दुसरी नेहमीची फसगत फोल्डरची. फोल्डरसाठी चालवणं या परवानगीचा अर्थ त्यातून आत जाणं असा होतो. फाइल वाचायची सगळी मुभा असली, तरी वाटेतल्या एका फोल्डरवर ही परवानगी नसेल तर वाट तिथेच अडते. म्हणून एकट्या फाइलकडे बघून भागत नाही, वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डर तपासावा लागतो.

आणि तिसरी गोष्ट : सिस्टिम आधी मालक बघते, मग गट, मग इतर. जिथे नाव जुळलं तिथे निकाल. मालकालाच परवानगी नसेल तर इतरांना दिलेली परवानगी त्याच्या उपयोगाची नाही.

डेटाबेसला मात्र दोन दारं असतात. पहिलं रिची यांचंच. मायएसक्यूएलच्या फाइली मायएसक्यूएलच्या खात्याच्या मालकीच्या लागतात. बॅकअप रूट म्हणून परत टाकला आणि मालक बदलायचा राहिला, तर डेटाबेस सुरूच होत नाही. दुसरं दार डेटाबेसचं स्वतःचं. कुणाला कुठलं टेबल वाचता येईल, याची वही तो वेगळी ठेवतो. ही पद्धत एडगर कॉड यांच्या १९७० च्या सिद्धान्तावर आयबीएमने बांधलेल्या सिस्टिम आर मधून आली. मायएसक्यूएल नुसतं नाव बघत नाही, माणूस कुठल्या मशीनवरून आलाय तेही बघतो. त्यामुळे त्याच सर्व्हरवर चालणारा पासवर्ड शेजारच्या मशीनवरून बरोबर टाकला तरी १०४५ ची एरर येऊ शकते. तिथे फाइलींवर ७७७ मारून काहीच होत नाही. त्या मशीनसाठी खातं काढून नेमक्या टेबलांची परवानगी द्यावी लागते.

शांतपणे गेलेला माणूस

१२ ऑक्टोबर २०११ रोजी डेनिस रिची न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्समधल्या घरी मृतावस्थेत आढळले. वय ७० होतं. एकटेच राहत होते, तब्येतही बरी नव्हती. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने इंटरनेटवर लिहिलं, तेव्हा जगाला कळलं.

त्याआधी आठवडाभर, ५ ऑक्टोबरला स्टीव्ह जॉब्स गेले होते आणि जगभरची वर्तमानपत्रं त्यांच्या बातम्यांनी भरली होती. जॉब्स यांच्या मॅक आणि आयफोनच्या आतली सिस्टिमही युनिक्सच्याच घराण्यातली. रिची यांच्या वाट्याला मात्र फार थोडी जागा आली.

चाकणच्या त्या कारखान्यातलं काम ७७७ न मारताही झालं असतं. फोल्डरचा गट वेब सर्व्हरचा करायचा, फोल्डरला ७५०, फाइलींना ६४०, आणि जिथे फाइली अपलोड होतात तेवढ्याच एका जागी सर्व्हरला लिहायची मुभा. पाच मिनिटं जास्त लागली असती आणि ट्रक तरीही वेळेत सुटला असता. फरक एवढाच की उद्या वेबसाइटच्या एखाद्या भोकातून कुणी आत शिरलं, तर सगळा कारखाना त्याच्या हाती लागला नसता.

पासवर्डच्या फाइलपुढे रिची यांनीही हेच केलं होतं. दार सताड उघडायची सोय असताना त्यांनी कामापुरती फट ठेवली.