ऑलिम्पिकवीर खाशाबा आणि रस्त्यावरचा सावध पवित्रा

स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यामुळे खाशाबा अगदी लहानपणीच तालमीच्या लाल मातीत उतरले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. समोरच्याची हालचाल आधी हेरायची आणि नेमक्या क्षणी डाव टाकायचा, ही त्यांची पद्धत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. मातीत वाढलेल्या खाशाबांना तिथली मॅट नवी होती, आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. परतल्यावर त्यांनी चार वर्षे कसून मेहनत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैशांची अडचण उभी राहिली. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही हातभार लावला.

हेलसिंकीत ५७ किलो वजनी गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पंधरा मिनिटांची दमछाक करणारी लढत झाली. ती थोडक्यात हुकली. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामदबेकोव्ह यांच्यासमोर उभे केले गेले. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण तशी मागणी करायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. कराडला परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. दुसरे वैयक्तिक पदक देशाला मिळाले ते थेट १९९६ मध्ये, लिएंडर पेस यांच्यामुळे.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि १९८३ मध्ये सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीचे सुख त्यांना फार लाभले नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५८. पुढे मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला, दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले आणि त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन ठरला.

आयुष्यभर कमावलेले शरीरही रस्त्यावर किती हतबल असते, हे या मृत्यूतून कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना होणारी धडक ही साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखी असते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. मांड्या-दंड कितीही भरलेले असोत, कवटीच्या आत मेंदू मऊच असतो. डोके आपटून थांबते तेव्हा आतला मेंदू कवटीवर आदळतो, रक्तवाहिन्या फाटतात आणि सूज वाढत जाते. हेल्मेटच्या आतला जाड थर दबून ही ऊर्जा शोषतो. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसले, की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. मात्र हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर पहिल्याच धक्क्याला हेल्मेट निघून जाते.

ही गोष्ट साताऱ्याच्या मल्लाची असली तरी खानदेशातही तितकीच लागू आहे. फैजपूरमधून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. यावल, सावदा, रावेरकडची केळीची वाहतूक याच पट्ट्यातून होते. भरलेले ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, एसटी आणि दुचाकी एकाच रस्त्यावर असतात. अशा ठिकाणी आपले वाहन नीट चालवणे पुरेसे नसते. समोरचा चुकेल हे गृहीत धरून चालवावे लागते. आखाड्यात मल्ल पवित्रा घेतो, प्रतिस्पर्ध्याचे पाय आणि खांदे पाहत राहतो, तसेच हे आहे.

पहिली गोष्ट अंतर. ताशी ६० किलोमीटर वेगात वाहन सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर रस्ता संपलेला असतो. म्हणून पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर हवे. पुढचे वाहन एखाद्या झाडाजवळून गेले की मोजायला सुरुवात करावी. तीन सेकंद होण्याआधीच आपण तिथे पोहोचलो, तर वेग कमी करावा. पावसात आणि रात्री हे अंतर आणखी वाढवावे. दिवे नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

दुसरी गोष्ट विश्रांती. हेलसिंकीत खाशाबांना ती मिळाली नाही, पण चालकाला ती घेता येते. सलग १७ तास जागे राहिल्यावर मेंदूची प्रतिक्रिया मद्य घेतल्यासारखी मंदावते. चार सेकंदांची डुलकी लागली, तर ताशी ६० च्या वेगात वाहन ६५ मीटरहून अधिक अंतर चालकाविना जाते. खिडकी उघडून किंवा गाणी लावून झोप जात नाही. दर दोन तासांनी थांबावे. डोळे जड झाले तर गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपावे. ॲलर्जी, सर्दी आणि झोपेची काही औषधे गुंगी आणतात. ती घेऊन वाहन चालवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरी गोष्ट मागे बसणाऱ्यांची. हेल्मेट चालकाइतकेच मागच्या व्यक्तीलाही बंधनकारक आहे. मोटारीत मागच्या सीटवरही पट्टा बांधावा.

आणि अपघात दिसलाच, तर १०८ वर फोन करावा. जखमीची मान वळवू नये, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, बेशुद्धाला पाणी पाजू नये. मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने कोणी पुढे निघून जाण्याचे कारण नाही.