मेंदूच्या लहरींचे शोधक : हान्स बर्गर

हान्स बर्गर ह्यांचा जन्म १८७३ सालीं जर्मनींत कोबुर्ग शहराजवळ झाला. तरुणपणीं लष्करांत असतां ते घोड्यावरून पडले व तोफगाड्याखालीं सांपडतां सांपडतां वांचले. त्याच दिवशीं दूरच्या बहिणीस त्यांच्याविषयीं अकारण धास्ती वाटून घरून तार आली. मनाची ही शक्ति कोणती, ह्या शोधास ते लागले. तें कोडें उलगडलें नाहीं. परंतु येना येथील मनोरुग्णालयांत १९२४ सालीं त्यांनीं मानवी मेंदूच्या विद्युल्लहरी प्रथम कागदावर उमटविल्या. पुनःपुन्हां पडताळा पाहून १९२९ सालीं त्या प्रसिद्ध केल्या. विद्वानांनीं मान हलविली. १९३४ सालीं केंब्रिज येथील एड्रियन व मॅथ्यूज ह्यांच्या प्रयोगांनीं ती शंका फिटली.

आज तीव्र औदासीन्यावर विजेनें आंकडी आणून उपचार करितात. भूल व स्नायु शिथिल करणारें औषध दिल्यानें ती अंगावर फारशी दिसत नाहीं. मेंदूंत ती केव्हां सुरू झाली व केव्हां थांबली, हें ह्याच आलेखावरून डॉक्टरांस कळतें.

नाझी राजवटींत मात्र, रोग्यांच्या सक्तीच्या वंध्यीकरणाचा निर्णय करणाऱ्या न्यायालयांत बर्गर बसले. १९४१ सालीं ते वारले. त्यांची चिकाटी अवश्य घ्यावी. दयेवांचून विद्या अपुरी, हेंहि विसरूं नये.